रेघ काचेवर, दोष यंत्राला

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांत घराघरांतल्या कागदांच्या पिशवीत जमिनीचा इतिहास असतो. खोतीच्या काळातले मोडी दस्त, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांच्या हाती आलेली ‘३२ म’ची प्रमाणपत्रे, वारसनोंदींचे फेरफार, धरणासाठी नाहीतर मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणासाठी झालेल्या भूसंपादनाच्या नोटिसा असे बरेच काही त्यात निघते. महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले, यावरून इथे जमिनीचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे कळते. हे सगळे कागद आज तहसील कचेरीत, बँकेत, वकिलाकडे नाहीतर सेतू केंद्रात एकाच प्रकारच्या, स्कॅन आणि झेरॉक्स करणाऱ्या यंत्रातून जातात. त्या यंत्रातून प्रत फिकट आली, पानभर काळी रेघ उमटली, शिक्का गायब झाला किंवा क्षेत्राचा आकडा वाचता आला नाही, की अर्ज परत येतो. त्यावरचे उत्तर ठरलेले असते : मशीन खराब आहे, सर्व्हिसवाल्याला बोलवा. या प्रकरणाचे म्हणणे वेगळे आहे. वाईट स्कॅन हा बहुतेक वेळा यंत्राचा बिघाड नसतो. कागद, काच, सेटिंग आणि फाइल जतन करण्याची पद्धत या चार ठिकाणांपैकी कुठेतरी माहिती गळालेली असते. ती नेमकी कुठे गळाली हे काही मिनिटांच्या चाचणीने ठरवता येते, आणि ते ठरवल्याशिवाय केलेला कोणताही उपाय अंदाजपंचे ठरतो.

शोधाची पहिली पायरी म्हणजे समोरच्या एका यंत्रात दोन यंत्रे आहेत हे ध्यानात घेणे. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या अ‍ॅस्टोरियात पहिली कोरडी छायाप्रत काढली आणि १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ बाजारात आले. त्या काळच्या यंत्रात मूळ कागदावरून परतलेला प्रकाश थेट ड्रमवर पडत असे. आजच्या डिजिटल यंत्रात वरचा भाग कागदाचे चित्र टिपतो, ते स्मृतीत साठवतो आणि खालचा भाग ते छापतो. म्हणून झेरॉक्स वाईट आली एवढ्यावरून दोष वरच्या भागात की खालच्या, हे कळत नाही. तोच कागद स्कॅन करून संगणकावर पाठवावा आणि पडद्यावर मोठा करून पाहावा. पडद्यावर चित्र स्वच्छ असेल, तर काच पुसत बसण्यात अर्थ नाही. दोष छपाईत, म्हणजे टोनर, ड्रम किंवा कागद तापवून शाई पक्की करणाऱ्या फ्यूजरमध्ये आहे. छपाईतला दोष स्वतःची ओळखही देतो. ड्रमवर ओरखडा असेल तर ड्रमच्या प्रत्येक फेऱ्यात तो एकदा उमटतो. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे ९४ मिलिमीटर भरतो आणि ए-४ पानाची उंची २९७ मिलिमीटर असते. म्हणजे एकच डाग एका पानावर ठरावीक अंतराने तीनदा दिसेल. पट्टीने हे अंतर मोजून सांगणाऱ्या कारकुनाला सर्व्हिसवाला निम्मे काम झाल्याचे प्रशस्तिपत्र देईल.

डाग पडद्यावरही दिसत असेल, तर दुसरी चाचणी करावी. तोच कागद एकदा वरच्या फीडरमधून आणि एकदा झाकण उघडून काचेवर ठेवून स्कॅन करावा. काचेवर ठेवलेला कागद स्थिर असतो आणि त्याखालून प्रकाश व सेन्सर सरकत जातात. फीडरमध्ये उलटे घडते : सेन्सर एका अरुंद काचपट्टीखाली थांबतो आणि कागद त्यावरून सरकतो. म्हणून मोठ्या काचेवरचा धुळीचा कण चित्रात ठिपका म्हणूनच राहतो. पण काचपट्टीवरचा तेवढाच कण सरकणाऱ्या कागदाच्या प्रत्येक ओळीत त्याच जागी येतो आणि पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढतो. फीडरमधून रेघ येते आणि काचेवरून येत नाही, तर दोषी ती बोटभर रुंदीची पट्टीच. अनेक कार्यालयांत मोठी काच रोज पुसली जाते आणि डाव्या कडेची ही पट्टी वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. रेघ दोन्हीकडून येत असेल तर गोष्ट निराळी. स्कॅन सुरू होण्याआधी यंत्र आतल्या एका पांढऱ्या पट्टीकडे पाहून सेन्सरचा प्रत्येक बिंदू तपासते. त्या पट्टीवर डाग असेल, तर यंत्र त्या जागचा सेन्सर दुबळा समजून त्याचे मोजमाप वाढवून घेते आणि पानभर उजळ रेघ उमटते. ही पट्टी काचेच्या आतल्या बाजूला असते. तिथे हात घालणे हे मात्र खरोखर सर्व्हिसवाल्याचे काम.

मग ही काचपट्टी घाण कशाने होते? अर्जाला चिकटवलेल्या रेव्हेन्यू स्टँपचा डिंक, नुकताच लावलेला ओला व्हाइटनर, सेलोटेपची कड, बॉलपेनची न वाळलेली शाई आणि टाचणी काढल्यावर राहिलेली कागदाची पूड ही नेहमीची कारणे. पेणला त्यात स्थानिक भर पडते. शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने जवळजवळ वर्षभर चालतात. शाडू आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांची बारीक पूड हवेत असते, आणि अशा वस्तीला लागून असलेल्या दुकानातल्या काचेवर ती बसणारच. रस्त्याकडे दार असलेल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात महामार्गाची धूळ येते, ती वेगळी. यंत्र बंद करून, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडावर थोडेसे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काच पुसण्याचे द्रावण घेऊन पट्टी पुसावी. द्रावण थेट काचेवर फवारले तर ते कडेने आत उतरते. चिकटलेला व्हाइटनर ब्लेडने खरवडला तर डाग जातो आणि कायमचा ओरखडा राहतो. पट्टीवर बोट फिरवून पाहिले की डोळ्याला न दिसणारा खवलाही हाताला लागतो. त्यानंतर बोटाचा ठसा पुसायला विसरू नये.

काच स्वच्छ आहे आणि तरीही जुलैत स्कॅन धूसर येतो, तेव्हा हवेकडे पाहावे लागते. रायगडच्या किनारी तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्या काळात हवा इतकी दमट असते की उघडा पडलेला कागद ओलावा शोषून घेतो, फुगतो आणि त्याला लाटा पडतात. लाटा पडलेला कागद काचेला सगळीकडे सारखा टेकत नाही. फीडरच्या रोलरला अशी दोन पाने एकत्र ओढणे सोपे जाते आणि तिरके ओढणे तर त्याहून सोपे. त्यात कार्यालय वातानुकूलित असेल आणि दुपारी दार उघडून दमट हवा थंड यंत्रावर आली, तर काचेच्या खालच्या बाजूला आणि आतल्या आरशांवर बाष्प धरते. अशा वेळी सगळे पान दुधाळ, उतरलेले दिसते आणि तासाभराने काहीही न करता स्कॅन आपोआप सुधारतो. आपोआप गेलेल्या दोषाचे कारण कुणी शोधत नाही, म्हणून तो रोज परत येतो. छपाईचे कोरे कागद वेष्टनातून लागतील तेवढेच काढणे, मूळ कागद आदल्या दिवशी कोरड्या खोलीत आणून सपाट वजनाखाली ठेवणे आणि थंड यंत्राला खोलीची सवय होऊ देणे, एवढ्याने पावसाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी मिटतात. यंत्र बदलल्याने त्या मिटत नाहीत, कारण नवे यंत्रही त्याच हवेत बसते.

कागद काचेला न टेकण्याचा प्रश्न किती गंभीर, हे सेन्सरच्या जातीवर ठरते. सीसीडी प्रकारात कागदाचे प्रतिबिंब आरसे आणि भिंगातून लहान करून सेन्सरवर आणले जाते. काचेपासून काही मिलिमीटर वर असलेली ओळही त्यात बऱ्यापैकी स्पष्ट येते. सीआयएस प्रकारात सेन्सर काचेला जवळजवळ चिकटून असतो. तो स्वस्त, सडपातळ आणि कमी वीज खाणारा असल्यामुळे लहान यंत्रांत सर्रास आढळतो, पण काचेपासून मिलिमीटरभर उचललेले अक्षर त्याला धूसर दिसू लागते. फेरफार नोंदवह्या बांधलेल्या असतात; शिवणीजवळ पान वर उचलले जाते आणि नेमक्या तिथल्याच ओळी सावलीत बुडतात. ती वही दाबून सपाट करण्याचा मोह होतो आणि त्यात शिवण तुटते. त्याऐवजी सीसीडी असलेले यंत्र किंवा वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर शोधणे वहीच्या हिताचे आहे. पातळ कागदावर मागच्या बाजूचा मजकूर उमटून दिसत असेल, तर पानामागे काळा कागद ठेवावा. झाकणाचा पांढरा रंग प्रकाश परतवतो आणि मागची अक्षरे उजळतो. काळा रंग तो प्रकाश गिळतो. आयुष्यभर टिकावे म्हणून लॅमिनेट केलेल्या जुन्या कागदावर मात्र चकाकी येते आणि ती पूर्णपणे घालवण्याचा उपाय नाही. म्हणून मूळ दस्त लॅमिनेट करण्याआधी चांगला स्कॅन करून घ्यावा.

इथपर्यंतचे दोष निदान डोळ्यांना दिसतात. तिसऱ्या ठिकाणचे, म्हणजे सेटिंगचे दोष फसवे असतात, कारण त्यात प्रत घाण दिसत नाही. उलट जास्तच स्वच्छ दिसते. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘टेक्स्ट’ निवडले की यंत्र प्रत्येक बिंदूला एकच प्रश्न विचारते : काळा की पांढरा? मधली सीमा यंत्राने ठरवलेली असते. पिवळ्या पडलेल्या कागदावरची तपकिरी झालेली शाई, फिकट जांभळा शिक्का, पेन्सिलीची खूण, निळ्या बॉलपेनची हलकी सही हे सगळे त्या सीमेच्या पांढऱ्या बाजूला पडले की कायमचे पुसले जाते. पार्श्वभूमी काढून टाकण्याची सोय चालू असेल, तर कागदाच्या पिवळेपणाबरोबर फिकट अक्षरही जाते. देवनागरीला हा धोका अधिक, कारण आपल्या लिपीत अर्थ बारीक खुणांवर टांगलेला असतो. अनुस्वार, नुसता रफार, मात्रेचा शेंडा गेला तर नाव बदलते आणि नाव बदलले की वारस बदलतो. जुन्या कागदासाठी ग्रेस्केल, आणि शिक्के किंवा दोन रंगांच्या शाया असतील तर रंगीत स्कॅन, हा नियम केल्यास यातले बहुतेक नुकसान टळते. सेन्सरने पाहिलेली पण सेटिंगने फेकून दिलेली माहिती नंतर कोणत्याही संगणकीय करामतीने परत येत नाही.

यावर एक सरळ वाटणारी सूचना येते : मग सगळे ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदूंवर) ठेवा, प्रश्न मिटला. आकडे पाहिले की ही सूचना टिकत नाही. ३०० डीपीआयला एक बिंदू ०.०८५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराच्या रुंदीत सहा बिंदू मावतात. १०० डीपीआयला तिथे फक्त दोन येतात आणि अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, हे सांगता येत नाही. म्हणून ३०० ही छापील आणि बऱ्याचशा हस्तलिखित कागदांसाठी वाजवी मर्यादा आहे. बारीक मोडी किंवा नकाशा असेल तर ४०० ते ६०० घ्यावे. पण ३०० डीपीआयचे ए-४ पान ग्रेस्केलमध्ये सुमारे ८७ लाख बिंदूंचे असते, आणि ६०० ला ते चौपट, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी बिंदूंचे होते. बऱ्याच सरकारी संकेतस्थळांवर अपलोड करायच्या फाइलवर काहीशे केबींची मर्यादा असते. मोठी फाइल त्या मर्यादेत कोंबण्यासाठी मग ती इतकी दाबली जाते की अक्षरांभोवती मळकट झालर उमटते. सुरुवातीला चौपट घेतलेली माहिती शेवटी मूळच्याहून वाईट होऊन पोहोचते. मूळ स्कॅन चांगल्या दर्जाचा करून जपून ठेवावा आणि अपलोडसाठी त्याची वेगळी लहान प्रत करावी. दोन गरजांसाठी एकच फाइल वापरण्याचा हट्ट हेच अनेक अवाचनीय कागदांचे मूळ आहे.

फाइल दाबण्याच्या या चौथ्या टप्प्यावर काय होऊ शकते, याचा जगाला बसलेला धक्का २०१३ च्या ऑगस्टमधला आहे. डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर यंत्रांतून निघालेल्या स्कॅनमध्ये आकडेच बदलत होते. एका इमारतीच्या आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ चौरस मीटर आले. दुसऱ्या कागदात इंग्रजी सहाचा आठ झाला. काच स्वच्छ होती, सेन्सर ठीक होता. फाइल लहान करणारी जेबीआयजी-२ ही पद्धत सारखे दिसणारे छोटे तुकडे शोधते, त्यातला एकच साठवते आणि बाकीच्या जागी तोच चिकटवते; सारखेपणाची कसोटी ढिली असेल तर सहा आणि आठ तिला एकच वाटतात. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. तरी या घटनेचा धडा त्या यंत्रांपुरता नाही. धूसर आकडा वाचणाऱ्याला सावध करतो. खणखणीत पण चुकीचा आकडा त्याला निश्चिंत करतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. सोळा आरचे अठरा झाले तर फरक दोनशे चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ दोन गुंठ्यांचा. आणि हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांत एक आणि नऊ एकमेकांच्या किती जवळ असतात, हे तलाठ्यांना सांगायला नको. स्कॅनचा दर्जा म्हणजे त्याची स्वच्छता नव्हे, मूळ कागदाशी असलेले इमान, हे या एका प्रकरणाने कायमचे सिद्ध केले.

तरीही काही आक्षेप उरतात. पहिला असा की मोबाईलने फोटो काढला तर एवढी उठाठेव कशाला? ओळखपत्र दाखवण्यापुरते ते ठीक आहे. पण मोबाईल कागदाच्या बरोबर वर समांतर धरला जात नाही. पानाची एक कड मोठी आणि दुसरी लहान होते, आणि अ‍ॅप ती ओढूनताणून चौकोनात बसवते. मजकुराला ते चालते, मोजणीच्या नकाशाला नाही, कारण नकाशावर पट्टीने अंतर मोजले जाते. शिवाय बहुतेक अ‍ॅप न विचारताच कागद पांढरा करतात, म्हणजे सेटिंगचा तोच दोष पडद्याआड घडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, मग स्कॅनची चिंता जुनी झाली नाही का? डिजिटल सातबारा हा संगणकात टंकलेली माहिती आहे, त्याला स्कॅन लागत नाही, हे खरेच. पण तो आजची स्थिती सांगतो. ती स्थिती तिथवर कशी आली, हे जुने फेरफार, कुळकायद्याचे आदेश आणि ‘कुलाबा जिल्हा’ असा रायगडच्या जुन्या नावाचा शिक्का असलेले कागद सांगतात, आणि ते संगणकात आले तर केवळ चित्र म्हणून येतात. वाद उभा राहतो तो याच कागदांवर. चित्र वाईट असेल आणि मूळ कागद वाळवीने किंवा पुराने नेला, तर वाईट चित्र हाच एकमेव पुरावा उरतो. म्हणून डिजिटल नोंदींच्या काळात स्कॅनच्या दर्जाची जबाबदारी वाढली आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : खिडकीसमोर रांग असताना चाचण्या करायला वेळ कुणाला? सकाळी यंत्र सुरू करण्याआधी काच आणि काचपट्टी पुसायला दोन मिनिटे लागतात. प्रत्येक कार्यालयाने एक चाचणी-पान जपून ठेवावे : त्यावर बारीक अक्षरातला मराठी मजकूर, देवनागरी आणि इंग्रजी आकडे, फिकट शिक्का आणि पेन्सिलीची एक खूण असावी. सोमवारी ते पान एकदा फीडरमधून आणि एकदा काचेवरून स्कॅन करून मागच्या आठवड्याच्या स्कॅनशी पडताळले, की दोष अर्जदाराच्या कागदावर जाण्याआधी पकडला जातो. तक्रार आलीच, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काच पुसली, सेटिंग बदलले आणि टोनरही घातला, तर कशाने बरे झाले हे कुणालाच कळत नाही आणि पुढच्या वेळी तोच गोंधळ पुन्हा सुरू होतो. नागरिकांनीही एक सवय लावून घ्यावी. मूळ कागद पिशवीत टाकण्याआधी खिडकीपाशीच स्कॅन पडद्यावर मोठा करून मागावा आणि नाव, गट क्रमांक, क्षेत्र, तारीख, शिक्का या पाच गोष्टी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. त्यात एकही चुकत असेल, तर दुसरा स्कॅन मागायला संकोच करू नये.